साहेबाच्या डाव्या कानापाशी

पयले एक सांगा जी, माह्या घरचा पत्ता तुमाले कोनं देल्ला? नाही, राग नका मानू, इचारतो आपला. माह्यी आदतच तशी पडली आहे, कोनी दारात आला का मी त्याच्या तोंडाकडं नाही पाहत, पयले त्याच्या मागं पाहतो, मागं कोन उभा आहे, काय सांगून राहिला त्याच्या कानात. तुमच्या मागं कोनी नाही, बरं आहे. बसा. मोबाईल तिथी खाटेवर ठेवा, चालूच ठेवा, मले लपवाचं काही नाही. फक्त साहेबाचं नाव नका लिहू, नुसतं साहेब म्हना. इकडं सौंसर-पांढुर्न्यात साहेब म्हन्लं का लोकायले समजते, अन् ज्याले नाही समजत त्याले सांगून काय फायदा.

मी कासार. मोहगावचा जन्म. बाप सायकलवर बांगड्याची पेटी बांधून बाजार करे, सौंसरचा बाजार, मोहगावचा बाजार, पांढुर्न्याचा, तिगावले टेसनापाशी झाडाखाली बसे, अन् माह्यी माय घरी बायायले बांगड्या भरे. शाळेत मी होतो, नाही असं नाही, पन माह्यं मन बाजारातच. आता बांगडी भरनं तुमाले सोपं वाटत असन, पन काय सांगू तुमाले, ते काम हाताचं कमी अन् तोंडाचं जास्त. बाई भेली का हात आखडते, हात आखडला का बांगडी फुटते, फुटली का काच बाईच्या हातात अन् शिवी कासाराले. म्हनून बाईले बोलतं ठेवा लागते. माहेर कोनतं, भाऊ किती, सासू बरी आहे का, म्हैस व्याली का, पोरगा पास झाला का, असं इचारत इचारत अंगठा दाबाचा, अन् ती भावाचं सांगाच्या नादात राहते तवरक बांगडी आत. माह्या बापानं मले हेच शिकवलं. तं अशानं काय होते, गावोगावच्या बायाइची नावं, नवऱ्याची, सासऱ्याची, माहेरची, सारं डोक्यात जाऊन बसते. म्या काही पाठ नाही केलं जी, ते धंद्यासंग आलं.

साहेब तवा वकील होते सौंसरच्या कोर्टात. बाप त्याईचा संत्र्याचे बाग ठेक्यानं घे, घरचं बरं होतं, पन चुनाव लढले अन् पडले. पयला चुनाव असा पडले का लोक त्याईच्या तोंडावर हासत. दुसऱ्या खेपेले उभे राह्यले तवा सौंसरच्या बाजारात हात जोडत फिरून राहिले होते, कोनी पाहे बी नाही, सारे आपापल्या भाजीत. उन्हाचे येऊन माह्या ताडपत्रीखाली उभे राह्यले. अन् मी आपला धंदा करून राहिलो, ए सुभद्राबाई, तिगावच्या पोरीचं पाव्हनपन कसं झालं, ए बेबीबाई, सासरा उठला का खाटेवरून. बाया हासत हासत माह्याकडं येत. साहेब पाहत राह्यले. मंग म्हने, का जी भाऊ, ह्या साऱ्या ओळखीच्या आहेत का तुमच्या? मी म्हन्लं, ओळखीचं काय जी त्याच्यात, हात हातात घेतला आहे ना मी साऱ्याईचा. तर ते म्हने, चला माह्यासंग, चुनावपुरतं.

बाप म्हने नको जाऊ, ह्या लोकायचं काय खरं, आज वापरतीन उद्या दारात उभं नाही करनार. माह्यं नवं लग्न झालेलं. कौसल्या तिगावची. ती म्हने जा, मी सांभाळते पेटी, मलेबी येते बांगडी भरता. अन् तिनं सांभाळली. शेवटपावेतो तिनंच सांभाळली.

कामाची रीत अशी होती. साहेबाचा उजवा कान लहानपनापासून मंदा, म्हनून मी डाव्या अंगाले राहो, अर्धं पाऊल मागं. पुढून आदमी आला का तो हात जोडाच्या आत मले तीन गोष्टी सांगा लागत. त्याचं नाव, बापाचं नाव, अन् घरची एखादी गोष्ट, पोरगी बाळंतपनाले आली, मोटर जळली, गुडघा दुखते, काहीबी. तीनच्या वर नाही, साहेब गडबडत. अन् तोंड नाही हललं पाहिजे. तोंड तं हलनारच ना जी, म्हनून मी सुपारीचा तुकडा दाढंत ठेवो, लोकायले वाटे हा बावा दिवसभर सुपारी चघळते. माह्ये दात त्याच्यातच गेले, हे पाहा.

अन् काय चाले ते! एक म्हातारा होता मोहगावच्या तिकडचा, साहेबानं त्याले म्हन्लं, का जी देवरावजी, ती काळी म्हैस गेली म्हन्ते तुमची, लय दूध दे ती. म्हातारा तिथीच बसला अन् रडाले लागला. म्हने सख्ख्या भावानं नाही इचारलं मले म्हशीचं अन् ह्या मानसानं इचारलं. त्याच्या घरची सारी मतं साहेबाले. साहेब सांसद झाले, दुसऱ्यांदा झाले, मंग होतच राह्यले. लोक म्हनत साहेबाले काम जमो ना जमो, मानूस ओळखते. संत्र्याचा कारखाना येनार म्हनून हर चुनावात सांगत, तो काही अजून आला नाही, गाडीचा थांबा मिळते म्हनत, कधी मिळे कधी जाये, पन नाव घेतलं म्हनून लोकायले ते सारं चाले.

मले बरं वाटे? वाटे जी. पन खोटं काहून सांगू, त्याच्यानंच माह्यं मन नासलं. एकदा तुमाले जादूगाराच्या पेटीतला खेळ कळला का मंग कोन्याही गोडीवर भरोसा नाही बसत. डाक्टर गोड बोल्ला का मी पाहो, टेबलावरच्या कागदावर नजर टाकून बोल्ला का. पाहुना आला अन् पोरीची खुशाली इचारली का मले वाटे याच्या बायकोनं रस्त्यात सांगून आनलं याले. माह्यी वनिता नागपूरले असते, तिचा मले फोन आला का, बाबा, डोळ्यात औषध टाकलं का, तं मी पयले कौसल्याले इचारो, तू सांगतलं तिले? कौसल्या डोकं धरे. म्हने पोरगी आहे तुमची, सभा नाही घेऊन राहिली ती.

पन कौसल्यावाचून माह्यं काम नोतं चालत. मी साहेबासंग गाडीत, बाजार तिच्याकडं, तं ताजी खबर सारी तीच आने. कोनाचं लग्न जुळलं, कोन भांडलं, कोनाच्या घरी मौत झाली. मौत तं आमाले साऱ्याईच्या पयले कळे. जी बाई दर सनाले येते तिचा हात एखाद्या सनाले नाही आला का कौसल्या गप राहे, घरी येऊन म्हने, अमक्या बाईचं काही खरं नाही, जाऊन या साहेबाले घेऊन.

आता तिगावचं सांगतो. एक मास्तर होते तिथी, त्याईचे वडील नागपूरले भरती. मी चाहाच्या ठेल्यावर उभा, तं तिथी एक जन आला, ओळखीचाच, माह्यासंग बसनारा-उठनारा, म्हने म्हातारे आले घरी, उठून बसले, मुगाची खिचडी खाल्ली. कौसल्याची तबेत तवा बरी नोती, ती बाजारात गेली नोती, मी त्याच्यावर इश्वास ठेवला. मास्तर पुढं आले, डोक्याले दुपट्टा गुंडाळलेला, उन्हाचा आहे म्हन्लं. मी साहेबाच्या कानात टाकलं. साहेब मोठ्यानं म्हने, का मास्तर, बाबूजी उठून बसले म्हन्ते, खिचडी खाऊन राहिले? मास्तरानं दुपट्टा काढला जी. डोकं भादरलेलं.

अन् मागं पाहतो तं तो चाहाच्या ठेल्यावरचा सोबती गर्दीत उभा, मिशीत हासून राहिला. दुसऱ्या पार्टीनं त्याले धरून पाठवलं होतं. पन साहेब म्हनजे साहेब. त्याईनं एक घडी नाही जाऊ देली, मास्तराले छातीशी धरलं अन् रडत म्हने, मास्तर, माह्यासाठी ते उठूनच बसले आहेत, मी नाही मानत ते गेले. अन् खरे आसू जी, मी डाव्या अंगाले होतो, मले दिसले. सारं गाव रडलं. तवा मी मनात म्हन्लं, हे आसू कोनं सांगतले याच्या कानात? मी तं नाही सांगतले.

गाडीत पांढुर्न्यापाशी आल्यावर साहेबानं काच वर केली. मंग म्हने, कासारभाऊ, कोनापासून घेतलं हे? मी नाव सांगतलं. ते हूं म्हन्ले. पन त्या दिवसापासून मले कळे, माह्यावर कोनीतरी ठेवलं आहे. मी नाव सांगाच्या आत साहेबाची मान हाले, मतलब दुसऱ्यानं पयलेच सांगून ठेवलेलं राहे, अन् साहेब फक्त माह्यं बरोबर आहे का ते पाहत. साहेब माह्यावर शक करून राहिले, मी त्याईच्यावर, अन् दोघं एका गाडीत, एका डब्यातली भाकर खाऊन राहिलो. असेच वर्षं गेले.

आता तुमी म्हनान, याच्यात तुमाले दुःख कायचं? कासारभाऊ. हेच दुःख. इतक्या वर्षात साहेबानं मले नावानं हाक नाही मारली. कासारभाऊ इकडं या, कासारभाऊ गाडी बोलवा. पयले मले त्याचं काही नोतं वाटत, साऱ्या बाजारात मले कासारच म्हनत. पन वनिताच्या लग्नाले साहेब आले. त्या दिवशी मी मांडवात, पोरीचा बाप, मी मागं कसा उभा राहीन? म्हनून सकाळीच गाडीपाशी जाऊन साहेबाले सारं सांगून आलो, नवरदेवाचं नाव, व्याह्याचं नाव, विहीनबाईच्या शुगरचं. कौसल्या म्हने, सारं सांगतलं, तुमचं नाव सांगतलं का? मी म्हन्लं, माह्यं काय सांगाचं, माह्यं तं ठाव असनच. ती म्हने, पाहू.

साहेब आले, नवरदेवाचं नाव घेतलं, व्याह्याच्या खांद्यावर हात ठेवला, विहीनबाईले म्हने गोड खाऊ नका. पाव्हने खुश. मंग माह्याकडं वळले, मी हात जोडून उभा, कौसल्या पदर तोंडाले लावून बाजूले उभी, अन् साहेब म्हने, वा कासारभाऊ, जोरदार केलं लग्न! कौसल्या अशी हासली, अशी हासली का विहीनबाईले वाटलं रडते. ते दिवसभर तिचं तेच, तुमी साऱ्या मुलखाचं नाव त्याईच्या कानात टाकलं, तुमचं कोनं टाकाव? मीबी हासलो तिच्यासंग. पन ते मले लागलं जी. आत कुठीतरी लागलं ते लागलंच.

एकदा दिल्लीले घेऊन गेले मले. बंगल्यावर कायचं काम माह्यं, तिथी कोनाले ओळखतो मी? दोन दिवस बसून राह्यलो. मंग आपल्या इकडचे काही लोक आलते, संत्रेवाले, कापूसवाले, पार्टीचे, त्याईले मोठ्या नेत्याले भेटवाचं होतं. मोठा नेता, त्याचंबी नाव राहू द्या. मी दाराशी उभा. तो नेता चालत आला, हात जोडत, अन् एकेकाले नावानं बोले, क्या भई फलानेजी, बेटी की शादी हो गई? लोक गारेगार. अन् मी पाहतो तं काय, त्याच्या मागं, अर्धं पाऊल, आपले साहेब! मान खाली, ओठ मिटल्यावानी, अन् जबडा हलून राहिला. माह्या जवळूनच गेले. तीनच गोष्टी सांगून राहिले होते, नाव, बाप, घरचं एक. माह्यीच रीत जी! माह्यीच पाहून शिकलेली. शेवटी तो नेता साऱ्याईले भेटून झाल्यावर मागं वळला, साहेबाच्या पाठीवर थाप मारली अन् म्हने, और आप? आप किधर से हैं?

साहेबानं माह्याकडं पाहिलं. मी पाहिलं हे त्याईनं पाहिलं. मी भिताडाकडं तोंड केलं, पन उशीर झालता.

येताना रेल्वेत दोघंच समोरासमोर. इटारसी गेल्यावर साहेब उठून बसले, मी चाहा घेऊन देल्ला. कप हातात तसाच. म्हने, कासारभाऊ, इतके वर्षं त्याच्या मागं फिरलो, त्याले माह्यं नाव ठाव नाही. साहेबाचा असा आवाज म्या कधी आयकला नोता. मले दया आली, खरं सांगतो, अन् त्याच घडीले तोंडावर आलं माह्या, साहेब, माह्यं नाव काय जी? जिभेवर होतं. नाही इचारलं. भेव वाटलं. नाही सांगता आलं तं मी काय करू, पांढुर्न्याले उतरून कोन्या तोंडानं घरी जाऊ? मी म्हन्लं, चाहा थंडा होते साहेब. मंग त्याईनं इचारलं, बायाइची नावं तुमाले कोन सांगते? मी म्हन्लं, माह्यी घरवाली. ते म्हने, हुशार आहे. तिचं नाव नाही इचारलं.

मंग साहेब म्हातारे झाले, मीबी झालो. साहेबाचे केस काळेच राह्यले, ते सोडा. टिकट मिळन का नाही मिळन असं हर खेपेले वाटे, अन् मिळे. आमचा वेगळा जिल्हा झाला त्याचा जलसा झाला, तवाचं हे, माह्या डोळ्यावर मोतीबिंदू आलता, पुढचा आदमी धुंदळा दिसे, मी दोघा भावाइतला एक समजून दुसऱ्याचं सांगतलं. दुसऱ्या दिवशी गाडी मले घ्याले आली नाही. तिसऱ्या दिवशीबी नाही. कळलं का नवा पीए ठेवला, मोबाईलवाला, त्याच्या मोबाईलमध्ये साऱ्याईचे फोटो. मीच त्याले शिकवलं होतं जी, पयले काही दिवस तो माह्याकडं येऊन बसे, डावा कान, अर्धं पाऊल, सारं. चांगला आदमी आहे, बालबच्चेदार. घरी जेवला आहे कौसल्याच्या हातचं. मी काही राग नाही धरला. डोळ्याचं आपरेशन वनितानं नागपूरले करून आनलं, आता दिसते, पन बोलावनं नाही आलं.

कौसल्या ह्या साली गेली. ताप काय आला, चार दिवसात खेळ खलास. भरल्या कपाळानं गेली, तं सवाष्णीचा चुडा भरा लागते, हिरवा. शेजारच्या बाया म्हने कासाराले बोलवा, मंग त्याईच्याच ध्यानात आलं का कासार तं हाच. मी भरला. काय सांगू तुमाले. जिवंत हाताले बोलतं ठेवलं का तो मऊ पडते, अन् तिचा तो हात, मुलखाच्या बायाइले ज्यानं चुडे भरले तो हात, लाकडावानी. मी सवयीनं बोलून राहिलो तिच्याशी, तिगावले गेली होती का, भावाकडं सारे बरे आहेत का. वनिता म्हने, बाबा, कोनाशी बोलून राहिले. मले रडू नोतं आलं तवरक, तवा आलं. एकबी नाही फुटली पन. साऱ्या बांगड्या गेल्या हातात.

चौथ्या दिवशी साहेब आले भेटाले. म्या आशा नोती धरली, झूट नाही बोलत, धरली होती. सकाळपासून दाराकडं कान होता माह्या. घर भरलेलं, सतरंजीवर मानसं, समोर टेबलावर तिचा फोटो, हार, उदबत्ती. मी भिताडाशी बसलो. गाडी थांबली, लोक उठले, साहेब वाकत वाकत आत आले, काठी टेकत, अन् मागं पीए, डाव्या अंगाले, अर्धं पाऊल. माह्यी नजर पयले कुठी गेली असन? पीएच्या तोंडाकडं. पन तेवढ्यात कोनी मधात आलं, मले नाही दिसलं.

अन् साहेब माह्यापुढं आले, माह्ये दोन्ही हात धरले अन् म्हने, धनराजभाऊ, कौसल्यावहिनी अशी कशी गेली जी!

धनराज माह्यं नाव. तुमाले सांगाचं राह्यलंच होतं.

मी असा रडलो जी, असा रडलो, पोट्ट्यावानी. बायकोसाठी रडलो का नावासाठी ते मलेच नाही समजत. लोकायनं पाहिलं, सारे म्हने साहेबाची माया पाहा. अन् मले वाटलं, कौसल्या, हे आयक व, घेतलं का नाही नाव, तुह्यंबी घेतलं, तू उगाच हासली. तेवढं सुख झालं मले. एक घडीचं.

मंग माह्यं मन सुरू झालं. पीए वाकला होता का कानापाशी? वाकला असन. पन त्यानं मोहगावच्या लग्नाले उशीर होते असंबी सांगतलं असन, मीबी तिथी उभा राहून असंच काही सांगो. अन् वहिनीचं नाव? त्याले कुठून ठाव, गावात तिले कासारीनबाईच म्हनत. बाहेर कोनाले इचारलं असन. मंग माह्यी नजर फोटोवर गेली. वनितानं फोटोखाली अक्षरं काढून आनली होती, सौ. कौसल्या धनराज, पुढं आडनाव. आपल्या इकडं बाईच्या नावामागं नवऱ्याचं नाव राहतेच ना जी. दोन्ही नावं तिथी, हाराखाली, अन् साहेब आल्या आल्या फोटोले हात जोडून मंग माह्याकडं वळले होते. का वळाच्या आत वाचलं? चष्मा होता डोळ्यावर? होता. पन साहेबाले खरंच याद असन तं? तसंबी होऊ शकते. मानूस आहे, इतके वर्षं संग राह्यलो. मी बसल्या बसल्या तेच करून राहिलो, तिच्या फोटोपुढं बसून, लाज वाटते सांगाले.

साहेब उठाले लागले. माह्या खांद्यावर हात टेकवला, वाकले, अन् त्याईचं तोंड माह्या कानापाशी आलं. इतक्या वर्षात पयल्यांदा त्याईचं तोंड माह्या कानापाशी. अन् हळूच म्हने, कासारभाऊ, हा माह्या मागं राहते ना, पीए, याचं नाव काय जी? लय दिवस झाले आता, त्यालेच इचारनं बरं नाही दिसत.

मी तोंड नाही हलवलं. म्हन्लं, रमेश. बाप नत्थूजी. पोरगी बारावीले आहे. तीन गोष्टी झाल्या का मी चूप.

साहेब सरळ झाले, दारापावेतो गेले, चप्पल घालता घालता मागं वळून मोठ्यानं म्हने, चला रमेशजी! पोरीची बारावी आहे ना ह्या साली, अभ्यास करते का नाही? तो रमेश जागीच थांबला. त्याचं तोंड तुमी पाहाले पाहिजे होतं. लोकाइत उभा होता, डोळे भरले त्याचे. साहेबाची काठी राह्यली होती सतरंजीवर, ते घ्याच्या निमित्तानं तो आत आला, माह्या पाया पडला, अन् हळूच म्हने, दादा, साहेबाले माह्या पोरीचंबी ठाव आहे जी, मी तं कधी नाही सांगतलं त्याईले.

मी त्याच्याकडं पाहत राह्यलो. जरा वेळापयले माह्यं तोंड असंच दिसलं असन लोकायले. मी म्हन्लं, साहेबाले सारं पाठ राहते बावा. जा, गाडी थांबली आहे.

हासत हासत गेला तो. खुश राहो. त्याची पोरगी पास होवो, साहेबाले अजून वर्षं मिळो, त्याईचं माह्या हातून कधी वाईट झालं नाही, होऊ नाही. मी आता पेटी काढून बसतो सकाळच्या पारी, बाया येतात, म्हनतात कासारीनबाईसारखा हात नाही तुमचा, मी म्हनतो नाहीच. तुमी लिहा हे सारं. पन जाच्या पयले खरं सांगून जा जी, माह्या घरचा पत्ता तुमाले कोनं देल्ला? साहेबानं? बरं. नावानिशी सांगतला का नुसतं कासार म्हन्लं? नको, राहू द्या. नका सांगू.